रेड हाउस, बेक्सलीहीथ

इंग्लंडमधील तांबड्या विटांचे एक ऐतिहासिक घर. लंडनच्या आग्नेयेस, पूर्वी केंट परगण्यात मोडणाऱ्या बेक्सलीहीथ येथे ते उभे आहे. कवी आणि डिझायनर विल्यम मॉरिस (१८३४–९६) यांनी लग्नानंतर राहण्यासाठी ते आपले वास्तुविशारद मित्र फिलिप वेब यांच्याकडून बांधून घेतले. वेब यांचे हे पहिलेच स्वतंत्र काम. आराखडा १८५९ चा. १८६० च्या उन्हाळ्यात विल्यम आणि जेन मॉरिस येथे राहायला आले.

वेब यांनी विटांवर गिलावा केला नाही. उघडी तांबडी वीट, त्यावर तांबड्या कौलांची चढी छपरे आणि उंच धुरांडी. घराला नाव पडले ते यावरूनच. घर काटकोनात वळते आणि त्या वळणात शंकूसारखे कौलारू छप्पर असलेली विहीर आहे. खिडक्या बाहेरून एका ओळीत दिसाव्यात म्हणून बसवलेल्या नाहीत. आतल्या खोलीला जसा उजेड हवा, तशी कुठे उभी, कुठे गोल, कुठे कमानीची खिडकी आली. या घराचे खरे मोठेपण इथे आहे. एक चूक मात्र राहिली: मुख्य खोल्यांची तोंडे उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यात त्या गारठत. जागा जुन्या फळबागेतली होती. शक्य तेवढी झाडे राखून बांधकाम केल्याने सफरचंदाच्या फांद्या थेट खिडक्यांशी आल्या.

मनाजोगे सामान बाजारात मिळेना, तेव्हा ते घरीच करायचे ठरले. छताच्या ओल्या गिलाव्यात टोच्याने नक्षीची भोके पाडून ठेवली आणि त्या खुणांवरून मित्रमंडळींनी रंग भरले. निरखून पाहिले तर ती भोके आजही दिसतात. जेन यांनी निळ्या लोकरी कापडावर डेझीची फुले भरून शयनगृहासाठी पडदे केले. दिवाणखान्याच्या भिंतीवर चित्रकार मित्र एडवर्ड बर्न-जोन्स यांनी एका मध्ययुगीन प्रेमकथेतली लग्नाची दृश्ये रंगवली. १८६१ मध्ये मॉरिस आणि सहा भागीदारांनी ‘मॉरिस, मार्शल, फॉकनर अँड कंपनी’ काढली, तिचे बीज या कामात होते. ‘ट्रेलिस’ हा भिंतकागद बागेतल्या गुलाबांच्या जाळीवरून सुचला; त्यावरचे पक्षी वेब यांनी काढले.

जेनी (१८६१) आणि मे (१८६२) या दोन्ही मुली इथेच जन्मल्या. बर्न-जोन्स कुटुंबासाठी नवा भाग जोडण्याचा बेतही ठरला होता. पण १८६४ मध्ये बर्न-जोन्स यांच्या घरात स्कार्लेट ज्वर शिरला, त्यांचे तान्हे मूल दगावले आणि बेत मोडला. मॉरिस स्वतः संधिज्वराने आजारी पडले. वडिलांच्या तांब्याच्या खाणीतल्या समभागांचे उत्पन्नही घटत होते. १८६५ मध्ये, अवघ्या पाच वर्षांनी, कुटुंब लंडनला गेले. पुढे घर विकले गेले आणि मॉरिस तिथे पुन्हा फिरकले नाहीत.

नंतरच्या मालकांपैकी चार्ल्स होम १८८९ मध्ये येथे आले. ‘द स्टुडिओ’ हे कलामासिक त्यांनी १८९३ मध्ये काढले. अमेरिकेत फर्निचर बनवणारे गुस्ताव्ह स्टिकली यांनी १९०१ मध्ये सुरू केलेल्या ‘द क्राफ्ट्समन’ मासिकाचा पहिला अंक मॉरिस यांना वाहिलेला होता. हातच्या कारागिरीवर भर देणाऱ्या अमेरिकन ‘क्राफ्ट्समन’ घरांचे नाव त्याच मासिकावरून आले, म्हणून त्या घरांचे कूळ शोधताना या विटांपर्यंत यावे लागते.

१९५२ पासून वास्तुविशारद टेड हॉलम्बी यांनी घराची जपणूक केली. २००३ मध्ये ते ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आले. २०१३ मध्ये मॉरिस यांच्या शयनगृहातल्या कपाटामागे झाकले गेलेले भित्तिचित्र साफ करण्यात आले, तेव्हा आदम, हव्वा आणि हातात नौका घेतलेला नोहा पुन्हा उजेडात आले.