पुस्तपालनाशेजारी एचटीएमएल : नागपूरच्या अकरावी-बारावीची पार्श्वभूमी

अकरावी-बारावीच्या एकाच वेळापत्रकात आज पुस्तपालन आणि वेब डिझाइन शेजारी-शेजारी दिसतात. बराच काळ तसे नव्हते. हिशेब, विक्री, कार्यालय हे वाणिज्य शाखेकडे, तर संगणक आणि एचटीएमएल (वेबवरची पाने लिहिण्याची भाषा) विज्ञान शाखेकडे, अशी वाटणी होती. इतवारीतल्या (नागपूरच्या जुन्या बाजारपेठेतल्या) पेढीसाठी पुढे ज्याला संकेतस्थळ लागणार, त्याला ते शिकण्याची सोय नव्हती. आणि ज्याला ते शिकवले जाई, तो बहुधा अभियांत्रिकीकडे डोळे लावून त्या विषयाचे गुण तेवढे पदरात पाडून घेई. आजचा अभ्यासक्रम काही ठिकाणी जुळून आलेला आणि काही ठिकाणी ठिगळ लावल्यासारखा वाटतो, त्याचे कारण या वाटणीत आहे.

नागपुरातली जुनी महाविद्यालये, १८८३ चे हिस्लॉप आणि १८८५ चे मॉरिस, ही व्यापार शिकवण्यासाठी निघाली नव्हती. व्यापार शिकायचा तो पेढीवर, मुनीमजींच्या हाताखाली, रोजमेळ आणि खातेवही लिहीत. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ झाले, तरी वाणिज्याचे स्वतंत्र महाविद्यालय शहरात यायला १९४५ उजाडले. ते जी. एस. वाणिज्य महाविद्यालय. ते काढणारी संस्था होती जमनालाल बजाजांनी उभी केलेली वर्ध्याची शिक्षा मंडळ. तिचे वर्ध्यातले वाणिज्य महाविद्यालय १९४० पासून होतेच.

याच संस्थेच्या वर्ध्यातल्या शाळेत २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यातून झाकिर हुसेन समिती आणि नई तालीम निघाली : सात वर्षांचे शिक्षण, मातृभाषेतून, एका हस्तोद्योगाभोवती. म्हणजे शाळेत चरखा, महाविद्यालयात बॅलन्सशीट. मधल्या वयाच्या, पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलाने रोजगारासाठी काय शिकायचे, हा प्रश्न दोन्हींच्या मधून निसटला.

ती जागा टायपिंगच्या खासगी वर्गांनी भरली. अभ्यासक्रमांचे इतिहास लिहिताना या वर्गांचा उल्लेख सहसा होत नाही, हे चुकीचे आहे. कार्यालयीन कामाचे मोजता येईल असे कौशल्य पहिल्यांदा तिथेच शिकवले गेले. मोजमाप काटेकोर होते. इंग्रजीत पाच ठोके म्हणजे एक शब्द, मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्दांची परीक्षा, चुकांची वजावट वेगळी. मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीसचे प्रमाणपत्र लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी आजही मागतात. गोदरेजने १९५५ मध्ये देशी टंकलेखन यंत्र बाजारात आणले. पुढे यंत्रे गेली आणि परीक्षा संगणकावर आली, पण बोटांची सवय मागे राहिली. टंकलेखन यंत्रावरून आलेल्या रेमिंग्टन कळमांडणीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, संगणकावरच्या इनस्क्रिप्ट कळमांडणीत अक्षरानंतर, उच्चाराच्या क्रमाने. जुन्या पद्धतीत तयार झालेला हात इनस्क्रिप्टवर बसला की वेलांट्या मागच्या अक्षराला चिकटतात. वेबवर मराठी लिहिताना हीच अडचण पुन्हा भेटते.

दोनशे गुणांचा विषय

कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहावीनंतरच्या निम्म्या मुलांना व्यावसायिक शिक्षणाकडे वळवावे, असे सुचवले होते. १०+२+३ चा आकृतिबंध महाराष्ट्रात आला, १९७५ ला दहावीची आणि १९७७ ला बारावीची पहिली परीक्षा झाली. कनिष्ठ महाविद्यालय नावाची नवी पायरी तयार झाली, पण तिच्यावर आले ते जुन्या पदवीपूर्व वर्गाचेच विषय.

पहिला खरा बदल १९७८-७९ च्या द्विलक्षी अभ्यासक्रमाने केला. त्याची रचना हुशारीची होती. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडायचा आणि त्या जागी २०० गुणांचा एकच व्यावसायिक विषय घ्यायचा. शाखा तीच राहते, पदवीचा रस्ता बंद होत नाही. वाणिज्यात बँकिंग, कार्यालय व्यवस्थापन, विपणन व विक्रयकला, लघुउद्योग व स्वयंरोजगार असे विषय होते. विज्ञानात इलेक्ट्रॉनिक्स होते आणि पुढे संगणकशास्त्रही आले. संगणकशास्त्राच्या पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टीम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस आणि शेवटी एचटीएमएल, तर दुसऱ्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर, मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग. प्रत्येक पेपरला लेखी ५० आणि प्रात्यक्षिक ५०.

वेब डिझाइन अकरावी-बारावीत शिरले ते या दारातून. ८०८५ च्या शेजारी बसल्यामुळे त्याला वळणही तसेच मिळाले. टॅग पाठ करायचे, कोष्टकातल्या चौकटी जोडणारे रोस्पॅन-कोलस्पॅन बरोबर लावायचे, फॉन्ट टॅगने रंग द्यायचा. पान कोणासाठी आहे, ग्राहक त्यावर काय शोधणार, भाव कुठे लिहायचा, हे प्रश्न विपणनाचे. आणि विपणन शिकणारा मुलगा दुसऱ्या इमारतीत बसलेला.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आकडे ठरवले : १९९० पर्यंत उच्च माध्यमिकचे दहा टक्के आणि १९९५ पर्यंत पंचवीस टक्के विद्यार्थी व्यावसायिक प्रवाहात. केंद्राच्या १९८८ च्या योजनेतून महाराष्ट्रात किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांना सगळे एमसीव्हीसी म्हणतात. ही द्विलक्षीसारखी जोड नव्हती, वेगळी शाखाच होती. भाषा, एक पायाभूत विषय, बाकी सगळा वेळ व्यवसायाला आणि त्यातला मोठा भाग प्रात्यक्षिकाला. वाणिज्य गटात लेखा व कार्यालय व्यवस्थापन, विपणन, बँकिंग. शिकाऊ उमेदवारी कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन बारावी व्यावसायिकच्या मुलांना वर्षभराच्या सवेतन उमेदवारीची सोयही झाली.

कागदावर हे द्विलक्षीपेक्षा सरस होते. व्यवहारात 'कमी टक्केवाल्यांची शाखा' हा शिक्का बसला. त्यामागे निव्वळ प्रतिष्ठेचा प्रश्न नव्हता. यंत्रसामग्री एकदा मिळते, बदलायला पैसा येत नाही, त्यामुळे कार्यालयांत संगणक आल्यावरही वर्गातली साधने मागेच राहतात. प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला दुकानात पाठवलेल्या मुलाला मालक गल्ला किंवा खाते कशाला दाखवील? तो त्याला बँकेत स्लिप भरायला धाडतो. शिवाय एकदा या शाखेत गेले की विज्ञानाचे दार बंद. पंधराव्या वर्षी एवढा पक्का निर्णय घ्यायला पालक कचरत, आणि त्यात त्यांचे फारसे चुकत नव्हते. अलीकडे हे अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याला जोडून नव्या नावांनी चालतात.

टॅली, आणि नागपूरची सीमा

सरकारने १९८४ मध्ये क्लास प्रकल्पातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले होते. पण व्यापाऱ्यांच्या मुलांना संगणकाकडे ओढले ते टॅलीने. बंगळुरूच्या गोयंका पिता-पुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे हे हिशेबाचे सॉफ्टवेअर. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी, आणि दर वेळी हिशेबनीसाला टॅली येणे ही सोय न राहता गरज झाली. शाळा-महाविद्यालयांत तोवर पुस्तपालन म्हणजे रेघा मारलेल्या वहीत नोंदी. टॅली शिकायचे ते खासगी क्लासमध्ये. एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रमही २००१ नंतर असेच बाहेरून आले आणि सरकारी नोकरीच्या अटीमुळे पसरले.

नागपूरच्या विद्यार्थ्याला जीएसटीत एक अडचण हमखास येते, ती पुण्याच्या मुलाला तितकी येत नाही. इथला व्यापार छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, रायपूरशी रोजचा आहे आणि ही सगळी गावे दुसऱ्या राज्यांत आहेत. दहा हजारांचा, १८ टक्के कराचा माल कामठीच्या दुकानदाराला विकला तर ९०० केंद्राचा आणि ९०० राज्याचा कर लागतो. तोच माल छिंदवाड्याला गेला तर १,८०० चा एकात्मिक कर. बिलाची बेरीज दोन्हीकडे ११,८०० च येते, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. पक्षकाराचे खाते उघडताना राज्य चुकीचे निवडले, तर ते कळते विवरणपत्र भरताना.

प्रयोगशाळेतली दुसरी गोष्ट : टॅलीच्या परवाना नसलेल्या शैक्षणिक प्रकारात महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटची तारीखच चालते. मग १४ तारखेची विक्री १ तारखेला टाकायची सवय लागते, आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ती सवय मोडावी लागते. टॅलीच्या कळा, म्हणजे एफ ५ देणे, एफ ६ येणे, एफ ७ जर्नल, एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी, एफ ४ रोख-बँक अदलाबदल, एवढे बोटांत बसले की बाकीचे हळूहळू येते. एफ ४ विसरून बँकेत भरलेली रोकड 'देणे'मध्ये टाकणे ही नवख्याची नेहमीची चूक.

तिन्ही शाखांना आयटी

वाटणी मोडली ती माहिती तंत्रज्ञान हा विषय कला, विज्ञान आणि वाणिज्य तिन्ही शाखांना ऐच्छिक म्हणून खुला झाल्यावर. आता पुस्तपालन, अर्थशास्त्र, चिटणिसाची कार्यपद्धती यांच्यासोबत वेब डिझाइन घेता येऊ लागले. किंमत मात्र पुन्हा दुसऱ्या भाषेनेच मोजली. बरेच विद्यार्थी मराठी किंवा हिंदी सोडून आयटी घेतात, कारण गुण मिळवणे सोपे. द्विलक्षीतही हेच झाले होते. मराठी दुकानांची पाने पुढे ज्यांनी लिहायची, त्यांची मराठी दहावीतच थांबते, याचा विचार विषयांचे गट ठरवताना झालेला दिसत नाही.

आजचा अभ्यासक्रम अकरावीला २०१९-२० आणि बारावीला २०२०-२१ पासून आहे. अकरावीत माहिती तंत्रज्ञानाची ओळख, डेटाबेस, वेब डिझाइन आणि सायबर कायदा. बारावीत एचटीएमएल ५ व सीएसएस, शोधयंत्रांसाठी पान सिद्ध करणे, ई-कॉमर्स. विज्ञानाच्या मुलांना जावास्क्रिप्ट आणि पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा), तर वाणिज्याच्या मुलांना जीएनयूखाता या मुक्त सॉफ्टवेअरवर संगणकीय लेखांकन. पुस्तपालनाच्या बारावीच्या पुस्तकातही संगणकावर प्रकरण आले. या अभ्यासक्रमाची बारावीची पहिली तुकडी २०२१ ची, आणि त्या वर्षीची बारावीची परीक्षाच कोविडमुळे रद्द झाली.

परीक्षा संगणकावर, अडीच तास, ८० गुण, प्रात्यक्षिकाला २०. ऐंशीतले १० गुण रिकाम्या जागा, १० चूक-बरोबर, ३६ बहुपर्यायी, ४ जोड्या, १० थोडक्यात उत्तरे. कोड लिहायचा तो फक्त १० गुणांचा. एकही चालणारे पान न करता कुणी सत्तरच्या आसपास जाऊ शकतो, आणि जातोही. द्विलक्षीत प्रात्यक्षिकाला निम्मे गुण होते. व्याप्ती वाढली तसे हातकामाचे वजन घटले, आणि हा सौदा महागात पडला असे म्हणायला हरकत नाही.

त्यामुळेच बारावीत चांगले गुण मिळवलेला विद्यार्थी पहिल्या खऱ्या कामात ठरावीक जागी अडकतो. चित्राचा पत्ता सी ड्राइव्हपासून लिहिलेला असतो, म्हणून चित्र प्रयोगशाळेत दिसते, इतरत्र नाही. विंडोजवर फाइलच्या नावातले मोठे-छोटे अक्षर सारखेच धरले जाते, लिनक्स सर्व्हरवर नाही, म्हणून संकेतस्थळ चढवल्यावर दुकानाचा लोगो गायब होतो. फॉर्ममधल्या रकान्याला 'नेम' (name) हा गुणधर्म दिलेला नसतो, म्हणून ग्राहकाने भरलेली माहिती पीएचपीपर्यंत पोचतच नाही. पीएचपीची फाइल दोनदा क्लिक करून उघडली की ब्राउझरमध्ये ती चालत नाही, कारण ती अपाचेसारख्या सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवून लोकलहोस्टवरून उघडावी लागते.

मराठी पानाची अडचण वेगळी. जुन्या विंडोजमधले नोटपॅड फाइल आन्सी या जुन्या संकेतनात साठवी आणि देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येई. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये यूटीएफ-८ हे युनिकोडचे संकेतन आपोआप निवडलेले असते, पण प्रयोगशाळेतले संगणक नेहमीच नवे नसतात. साठवताना यूटीएफ-८ निवडायचे आणि पानाच्या डोक्यात हे संकेतन सांगणारी कॅरसेटची ओळ घालायची, या दोन्ही गोष्टी हव्यात. शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला तर वाचणाऱ्याला इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसतो. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

नागपुरातल्या सीबीएसई शाळांत हाच भाग 'वेब ॲप्लिकेशन' या कौशल्य विषयातून येतो, क्रमांक ८०३, आणि तिथे ६० गुण लेखी, ४० प्रात्यक्षिक. बारावी न करता हे शिकायचे असेल तर दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) हा व्यवसाय आहे. त्यात कार्यालयीन सॉफ्टवेअर, एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट एकत्र येतात आणि बहुतेक वेळ यंत्रापुढेच जातो. राज्य मंडळाचा आयटी घेणाऱ्यांनी प्रवेशाआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : विषयाचे वेगळे शुल्क किती आहे, आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला एका संगणकावर किती जण बसतात.