शाई संपली, असं म्हणतंय कोण?

परवा एक कागद स्कॅन करायचा होता. फक्त स्कॅन. कागद काचेवर ठेवला, बटण दाबलं, तर पडद्यावर निरोप, 'निळी शाई संपली, कार्ट्रिज बदला'. स्कॅनिंगला शाईचा थेंबही लागत नाही, पण यंत्र हटून बसलं. चिडून कार्ट्रिज काढलं आणि कानाशी हलवलं, तर आत चक्क डुचमळलं!

मग 'संपली' हे ठरवलं कुणी? आपली समजूत अशी, की गाडीच्या टाकीत असतो तसा काहीतरी तरंगता गोळा आत असणार. बहुतेक इंकजेटमध्ये, म्हणजे शाईचे थेंब उडवणाऱ्या प्रिंटरमध्ये, असतो तो निव्वळ हिशेब. कार्ट्रिजला चिकटवलेल्या नखाएवढ्या चिपवर एक आकडा असतो, आणि प्रिंटर उडवलेले थेंब मोजून तो कमी करत जातो. थेंब 5 पिकोलिटरचा (पिकोलिटर म्हणजे मिलिलिटरचा अब्जावा भाग) धरला तर एका मिलिलिटरमध्ये 20 कोटी थेंब झाले. गरम-गार शाईचे थेंब लहानमोठे पडतात, नॉझल (शाई उडवणारी छिद्रं) साफ करताना गेलेली शाईही अंदाजानेच मांडायची, म्हणून हिशेब सावध ठेवतात. त्यात तथ्य आहे. उष्णतेने थेंब उडवणाऱ्या छपाईच्या हेडमधल्या चिमुकल्या हीटरला शाईच थंड ठेवते, कोरडा चालवला तर तो जळतो. पण तुम्ही बाहेरून शाई भरलीत तरी चिपवरचा आकडा वाढत नाही. काठोकाठ भरलेलं कार्ट्रिज प्रिंटरच्या लेखी रिकामंच.

शाई खरोखर बघायची युक्ती आहे, आणि ती शाळेच्या पुस्तकातली आहे. कॅननच्या अनेक कार्ट्रिजच्या तळाशी पारदर्शक प्लॅस्टिकचा छोटासा लोलक (प्रिझम) असतो. खालून त्यावर प्रकाश सोडतात. प्लॅस्टिकचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवतो त्याचं माप) साधारण 1.5, हवेचा 1, म्हणजे क्रांतिक कोन (याहून तिरका आलेला प्रकाश बाहेर पडू शकत नाही तो कोन) सुमारे 42 अंश. प्रकाश लोलकाच्या तिरक्या बाजूवर आदळतो 45 अंशांनी. मागे हवा असेल तर त्याला बाहेर पडताच येत नाही, पूर्ण आंतरिक परावर्तन होतं, दुसऱ्या बाजूवर तेच घडतं आणि किरण आल्या दिशेने परततो. मागे शाई असेल तर? पाण्यात कालवलेल्या शाईचा अपवर्तनांक 1.35च्या आसपास धरा. क्रांतिक कोन एकदम 64 अंशांवर जातो, 45 अंशांचा किरण सरळ पार होऊन शाईत बुडतो. अंधार म्हणजे शाई आहे, उजेड म्हणजे संपली. मला ही रचना फार आवडते. ना काटा, ना हलणारा भाग, फक्त प्रकाश वाकण्याचा स्नेलचा नियम. (शेजारच्या कप्प्यातल्या स्पंजात मुरलेली शाई मात्र लोलकाला दिसत नाही. तिथे पुन्हा मोजणीच.)

चिपचं दुसरं काम पहारेकऱ्याचं. प्रिंटर तिला एक संख्या पाठवतो, चिप ती आपल्या गुप्त किल्लीत घोळून हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा एक आकडा, काढते, प्रिंटरही तेच गणित करतो आणि उत्तरं जुळली तरच प्रवेश. हॅशवरून किल्ली उलटी काढता येत नाही, सगळी मेख तिथे. लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने टोनरच्या (लेझर प्रिंटरच्या पुडीच्या कार्ट्रिजच्या) चिपवर यासाठी एसएचए-1 ही हॅश काढायची पद्धत वापरली होती. तिच्या प्रिंटरना चालतील अशा चिपा स्टॅटिक कंट्रोल या कंपनीने बनवल्या, तेव्हा 2002 साली लेक्समार्कने अमेरिकेत तिला कॉपीराइटच्या कायद्याखाली कोर्टात खेचलं. भांडणातला एक प्रोग्राम होता 55 बाइटचा! संगणकात सहसा देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं, म्हणजे तेवढ्यात आपलं धड वाक्यही मावणार नाही. 2004 मध्ये अपील कोर्टाने लेक्समार्कला मिळालेली मनाई उठवली.

2024 साली एचपीचे प्रमुख एन्रिके लोरेस म्हणाले, की परक्या कार्ट्रिजमधून व्हायरस शिरू शकतो. शिरेलही. पण शाईतून नाही, चिपमधून शिरेल, आणि ते दार बसवलं कुणी?

2022 च्या सुरुवातीला जगभर चिपांचा तुटवडा होता. कॅननला काही ऑफिस-यंत्रांचे टोनर चिपशिवायच विकावे लागले. यंत्रांनी अर्थातच हे टोनर ओळखले नाहीत. तेव्हा कॅननच्या जर्मन शाखेने गिऱ्हाइकांना कळवलं, की छपाईच्या दर्जात काही फरक पडत नाही, इशारा आला की 'ओके' दाबा आणि पुढे चला.