‘जीनोटाइप’ चाचणीसाठी रक्त देण्याआधी

‘जीनोटाइप’ म्हणजे तुमच्या रक्तातल्या एचआयव्हीवर कोणती औषधं चालतील, ते विषाणूच्या जनुकीय संहितेवरून पाहणारी चाचणी. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या चालू ठेवूनच या. साखर तपासायला उपाशीपोटी यायचं असतं, तसंच समजून काही जण या चाचणीआधी महिना-महिना एआरटीच्या गोळ्या बंद ठेवतात. मग रिपोर्ट फसवा येतो.

एकाच माणसाच्या रक्तातले एचआयव्ही विषाणू एकसारखे नसतात. उपचार नसतील तर दिवसाला अब्जावधी नवे तयार होतात. विषाणूची जनुकीय संहिता साडेनऊ हजार अक्षरांच्या आसपास, पण तिची नक्कल करणारं विकर (एन्झाइम) आपल्या चुका तपासत नाही. त्यामुळे नकला होताना कुठे ना कुठे अक्षर बदलत राहतं. बहुतेक बदल वाया जातात. काही मात्र महागात पडतात. विकराच्या 184व्या जागी मेथिओनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, की लॅमिव्हुडिन या एआरटीतल्या औषधाला तो विषाणू दाद देत नाही. गोळ्या वारंवार चुकल्या की अशाच विषाणूंचं फावतं. गोळ्या पूर्ण थांबल्या, तर मूळचा विषाणू जोर धरतो आणि बदललेला त्याच्या गर्दीत दडतो. साधारण पाचव्या हिश्शाहून कमी असलेला प्रकार नेहमीच्या जीनोटाइपला दिसतच नाही. औषध पुन्हा सुरू झालं की तो डोकं वर काढतो.

रिपोर्टवर ‘सबटाइप सी’ दिसलं तर घाबरू नका. ती आजाराची तिसरी पायरी नाही, कावीळ सी तर नाहीच. ते विषाणूच्या कुळाचं नाव. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत बहुतेकांना हेच कूळ सापडतं. युरोप-अमेरिकेत ‘बी’ जास्त.

एचआयव्ही-2 हा वेगळाच विषाणू. मूळ पश्चिम आफ्रिकेतला, पण मुंबई-गोव्यातही आढळला आहे. नेव्हिरापिन, एफाव्हिरेन्झ ही एचआयव्हीवरची औषधं त्याच्यावर चालत नाहीत आणि रक्तातले विषाणू मोजणारी नेहमीची व्हायरल लोड चाचणी त्याला मोजत नाही. आधीच्या रिपोर्टवर ‘एचआयव्ही-2’ असेल तर काउंटरवर आवर्जून सांगा.

उपाशी राहायची गरज नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतो. सिक्वेन्सिंग, म्हणजे विषाणूची संहिता वाचणं, आमच्याकडे होत नाही, गोठवलेला प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बाहेर पाठवतो. व्हायरल लोड (एक मिलिलिटरमागे विषाणूच्या प्रती) 1000 च्या खाली असेल तर बरेचदा निकाल निघत नाही, पैसे मात्र जातात. म्हणून व्हायरल लोडचा ताजा रिपोर्ट आधी दाखवा.

2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमची लेखी संमती घेतो आणि माहिती गुप्त ठेवतो. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवत नाही, घरच्यांनी मागितला तरी नाही.

येताना जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या आणा. गोळ्या कधी चुकल्या तेही खरं सांगा, इथे कोणी रागावत नाही.