बीआरएसआरमध्ये कामगारांच्या सुरक्षिततेची माहिती कशी भरायची: कोणाला लागू, कोणती कागदपत्रे, काय चुकते

शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना वार्षिक अहवालासोबत ‘बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट’, म्हणजेच बीआरएसआर, द्यावा लागतो. त्यातले वीज, पाणी आणि डिझेलचे आकडे साधारण वेळेत जमतात, कारण तिथे मीटर असतात आणि बिले येतात. गाडी अडते ती कामगारांच्या सुरक्षिततेच्या तक्त्यांपाशी. हा आकडा मस्टर, गेट रजिस्टर, प्रथमोपचार खोली आणि ठेकेदाराची वही अशा चार ठिकाणी विखुरलेला असतो, आणि तो गोळा करायची आठवण एप्रिल-मे महिन्यात होते. तोपर्यंत ठेकेदार बदललेला असतो. म्हणून हे काम वर्षअखेरचे न मानता महिन्याचे मानावे.

कोणाला लागू

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने १० मे २०२१ च्या परिपत्रकाने बीआरएसआरचा नमुना आणला. २०२१-२२ ला तो ऐच्छिक होता. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा आहे. नोंदणीकृत कंपन्यांसाठीच्या सेबीच्या एलओडीआर नियमावलीच्या नियम ३४(२)(एफ) मध्ये ही तरतूद आहे.

या अहवालातल्या निवडक आकड्यांचा ‘बीआरएसआर कोअर’ हा गट १२ जुलै २०२३ च्या परिपत्रकाने आला. त्याची बाहेरच्या, स्वतंत्र संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते. २०२३-२४ ला पहिल्या १५० कंपन्या, २०२४-२५ ला २५०, २०२५-२६ ला ५०० आणि २०२६-२७ ला सर्व १,००० असा टप्पा ठरलेला आहे. सुरुवातीला ‘रीझनेबल अ‍ॅश्युरन्स’ (सखोल तपासणीनंतर दिलेली खात्री) हा एकच पर्याय होता. नंतर ‘असेसमेंट किंवा अ‍ॅश्युरन्स’ अशी मुभा मिळाली. कोअरमध्ये नऊ विषय आहेत आणि ‘कर्मचाऱ्यांचे कल्याण व सुरक्षितता’ हा त्यातलाच एक. म्हणजे अपघाताचा आकडा आता कार्बनच्या आकड्याइतकाच काटेकोर तपासला जातो. आमच्या मते या चौकटीतली सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे. एरवी सेफ्टी विभागाची फाइल कारखान्यातच राहते आणि संचालक मंडळापुढे ‘शून्य अपघात’चा फलक तेवढा येतो.

एकदा यादीत आलेली कंपनी पुढच्या वर्षी क्रमांक घसरला म्हणून लगेच सुटत नाही. सलग तीन वर्षे ती मर्यादेबाहेर राहिली, तरच बंधन संपते.

नेमके काय भरायचे

अहवालाचे तीन भाग असतात: ए म्हणजे सर्वसाधारण माहिती, बी म्हणजे धोरणे व व्यवस्थापन, सी म्हणजे नऊ तत्त्वांनुसार कामगिरी. सुरक्षितता येते भाग सीच्या तिसऱ्या तत्त्वात.

सक्तीच्या प्रश्नांपैकी आठवा प्रश्न आरोग्य-सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा आहे. दहाव्यात सुरक्षा व्यवस्थापन पद्धत आहे का, धोके कसे ओळखता, कामगाराला धोका कळवून तिथून बाजूला होण्याची सोय आहे का, हे विचारले जाते. अकराव्यात अपघातांचा तक्ता आहे. तेराव्यात तक्रारी, चौदाव्यात किती टक्के प्लांट व कार्यालयांची तपासणी झाली आणि पंधराव्यात त्यानंतर काय सुधारणा केली ते लिहायचे असते.

दहाव्या प्रश्नासाठी आयएसओ ४५००१ (कामगार सुरक्षा व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक) चे प्रमाणपत्र सक्तीचे नाही. ते असेल तर उत्तर सोपे जाते, पण प्रमाणपत्रात कोणती ठिकाणे येतात ते नक्की लिहा. चाकणचा प्लांट प्रमाणित आणि भिवंडीचे गोदाम नाही, अशी स्थिती असताना नुसते ‘होय’ लिहिले, तर तपासणीत ते पहिल्याच दिवशी सापडते.

अकराव्या तक्त्यात चार ओळी असतात: एलटीआयएफआर (दर दहा लाख मनुष्यतासांमागे कामाचा वेळ बुडवणाऱ्या दुखापती), नोंद करण्याजोग्या एकूण दुखापती, मृत्यू आणि गंभीर परिणामाच्या दुखापती किंवा आजार. प्रत्येक ओळ ‘कर्मचारी’ व ‘कामगार’ अशी वेगळी, चालू आणि मागच्या अशा दोन्ही वर्षांची. ‘कामगार’ कोण, हे औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या व्याख्येवरून ठरते. महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा सुपरवायझर त्या व्याख्येबाहेर जातो, म्हणून त्याची दुखापत कर्मचाऱ्यांच्या ओळीत येते. ठेक्यावरचे मजूर, कंपनीच्या बांधकाम साइटवरचे मजूरसुद्धा, मोजायचेच असतात. यात सूट नाही.

एलटीआयएफआर: बहुतेक चुका इथे होतात

सूत्र साधे आहे. वेळ बुडवणाऱ्या दुखापतींची संख्या गुणिले १०,००,०००, भागिले प्रत्यक्ष काम झालेले तास.

एक उदाहरण घ्या. ४२० कायम आणि ३८० ठेका कामगार, वर्षाचे प्रत्यक्ष तास १९,२०,०००, दुखापती ३. एलटीआयएफआर येतो १.५६. आता ठेकेदारांचे ९,१२,००० तास मस्टर न मिळाल्याने राहून गेले, पण दुखापती तीनच धरल्या, तर आकडा २.९८ होतो आणि कंपनी विनाकारण वाईट दिसते. उलट तीनपैकी ठेका कामगारांच्या दोन दुखापती आणि त्यांचे तास असे दोन्ही गाळले, तर ०.९९ येतो; अहवाल छान दिसतो आणि खोटा असतो. दुसरी नेहमीची चूक परदेशी मूळ कंपनीच्या एक्सेलमधून येते. अमेरिकेतल्या ओशा (तिथली कामगार-सुरक्षा संस्था) पद्धतीत पाया २,००,००० तासांचा असतो. तोच आकडा उचलून बीआरएसआरमध्ये टाकला, तर दर पाचपटीने कमी दिसतो. वरच्या उदाहरणात ०.३१.

तास काढताना ‘माणसे गुणिले ४८ गुणिले ५०’ असा हिशेब करू नका. त्यात रजा, गैरहजेरी, ले-ऑफ वजा होत नाहीत आणि ओव्हरटाइम मिळवला जात नाही. बायोमेट्रिक किंवा मस्टरवरून महिन्याचे तास काढा, ठेकेदाराच्या बिलाला जोडलेल्या हजेरीशी ताडून पाहा आणि त्या महिन्याची शीट तिथेच सहीने बंद करा.

दुसरा घोटाळा ‘कोणती दुखापत मोजायची’ यात होतो. कारखाना निरीक्षकाला कळवायची मोजपट्टी ४८ तासांची आहे: दुखापतीमुळे माणूस ४८ तास किंवा अधिक काळ काम करू शकला नाही, तर सूचना द्यायची. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ मध्ये ती होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही तीच आहे. वेळ बुडवणारी दुखापत मात्र उद्योगाच्या रूढ पद्धतीत पुढची पाळी चुकली की मोजतात. त्यामुळे निरीक्षकाकडे गेलेल्या सूचना मोजून एलटीआयएफआर काढला, तर एक दिवस घरी बसलेला माणूस गळतो. या दोन याद्या वेगळ्या ठेवा. दुखापत झालेल्या कामगाराला ‘हलक्या कामावर’ बोलावून गेटजवळ खुर्चीत बसवायचे आणि वेळ बुडालाच नाही असे लिहायचे, ही पळवाट तपासनीसांना पाठ आहे. वैद्यकीय अधिकाऱ्याची चिठ्ठी आणि त्या दिवशी दिलेले प्रत्यक्ष काम, दोन्ही मागितले जाते.

प्रेस शॉपमधला नेहमीचा प्रसंग पाहा. रात्रपाळीत हेल्परच्या तर्जनीचे टोकाचे एक पेर पॉवर प्रेसखाली तुटते. ठेकेदार प्रथमोपचार वहीत ‘बोटाला जखम, ड्रेसिंग केले’ असे लिहितो आणि दुसऱ्या दिवशी बदली माणूस पाठवतो. कंपनीच्या रजिस्टरमध्ये काहीच नाही. पण ईएसआयसीकडे (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) अपघात अहवाल जातो, भत्ता मिळतो, पुढे वैद्यकीय मंडळ कायम अपंगत्व ठरवते; नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या परिशिष्टात तर्जनीचे एक पेर गेले तर ९ टक्के असे लिहिलेलेच आहे. बीआरएसआर कोअरमध्ये ‘कायम अपंगत्व’ ही स्वतंत्र संख्या द्यावी लागते. तपासनीस ईएसआयसीची यादी आणि कंपनीचे रजिस्टर शेजारी ठेवतो, आणि एका ओळीत सगळे उघडे पडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या प्रेसवर लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) किंवा दोन हातांचे कंट्रोल बसवण्याची वेळ एक वर्ष पुढे गेलेली असते.

गंभीर परिणामाची दुखापत म्हणजे जिच्यातून माणूस सहा महिन्यांत पूर्ववत होत नाही किंवा होण्याची शक्यता नाही. फेब्रुवारीतल्या अपघाताबाबत ३१ मार्चला हे कळत नाही, म्हणून डॉक्टरांचे ‘अपेक्षित’ मत लेखी घ्या आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पाहा. या ओळीत आजारही येतात. आवाजाने आलेला बहिरेपणा किंवा सिलिकोसिस अपघात वहीत कधीच दिसत नाही. तो वार्षिक तपासणीतल्या ऑडिओमेट्री आणि फुप्फुसांच्या चाचणीत दिसतो. ते रिपोर्ट एचआरच्या कपाटात पडून राहतात, हे बहुतेक कंपन्यांचे दुखणे आहे.

घर ते कारखाना प्रवासातला अपघात ईएसआय विमा योजनेत ठरावीक अटींवर कामाचा अपघात मानला जातो. जीआरआय ४०३ या आंतरराष्ट्रीय मानकात मात्र वाहतूक कंपनीने पुरवली असेल तरच तो मोजतात. तुम्ही कोणती रीत धरली ते टिपेत लिहा आणि दरवर्षी तीच ठेवा.

कागदपत्रे

प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी फाइल करा. तीत हे हवे:

– महिनावार मनुष्यतासांची शीट, कायम आणि प्रत्येक ठेकेदाराची वेगळी, मस्टरच्या प्रतीसह
– अपघात रजिस्टर, प्रथमोपचार वही, निअर मिस (थोडक्यात टळलेले अपघात) नोंदी आणि प्रत्येक घटनेचा मूळ कारणांचा तपास
– निरीक्षक कार्यालयाला दिलेल्या सूचनांच्या पोचपावत्या. महाराष्ट्रात हे कार्यालय म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय
– ईएसआयसी पोर्टलवरचे अपघात अहवाल आणि अपंगत्व निर्णय
– ‘हिरा’ म्हणजे धोके ओळखून जोखीम ठरवल्याचे तक्ते, वर्क परमिटच्या (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी) प्रती
– सुरक्षा समितीची इतिवृत्ते, त्यांवर कामगार प्रतिनिधींच्या सह्या
– प्रशिक्षणाची हजेरी, विषय आणि तारखेसह
– तक्रार रजिस्टर, प्रलंबित तक्रारींसह
– कल्याणावरच्या खर्चाच्या लेजर नोंदी: आरोग्य विमा, अपघात विमा, मातृत्व-पितृत्व लाभ, पाळणाघर

शेवटचा खर्च एकूण उत्पन्नाच्या टक्केवारीत द्यायचा असतो आणि त्यात कायम नसलेलेही धरायचे असतात. कोणती खाती धरली, याचा एक पानी तक्ता वित्त विभागाकडून सहीनिशी घ्या. नाहीतर दिवाळीची मिठाई आणि वार्षिक सहलही त्यात घुसते.

सुरक्षा अधिकारी नव्या संहितेनुसार ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात लागतो, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० किंवा अधिक असतील तर. सुरक्षा समिती कोणत्या कारखान्यात हवी, ते सरकार आदेशाने ठरवते. टूलबॉक्स टॉकची (काम सुरू करण्याआधीची छोटी सुरक्षा-सूचना) हजेरी प्रशिक्षणात धरायची का, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. पाच मिनिटांचा टॉक आणि दिवसभराचे प्रशिक्षण एकत्र केले की टक्केवारी फुगते.

टप्पे

एप्रिलमध्ये कोणती ठिकाणे व उपकंपन्या मोजायच्या ती मर्यादा ठरवा. भाग एमध्ये तुम्ही एकट्या कंपनीची की एकत्रित माहिती देता, ते जाहीर करावे लागते आणि पुढचा प्रत्येक तक्ता त्याला जुळावा लागतो. भाग एमधली कामगारसंख्या आणि तिसऱ्या तत्त्वातली प्रशिक्षणाची एकूण संख्या जुळत नसेल, तर आधी ते दुरुस्त करा.

दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत आधीच्या महिन्याचे तास आणि घटना बंद. ठेकेदाराचे बिल पास करण्याच्या अटींत ही शीट घाला. एवढी एक अट घातली की मस्टर आपोआप वेळेवर येते.

तपासणी करणारी संस्था वर्ष संपण्याआधी नेमा. तिच्याकडे विषयाचे ज्ञान आहे आणि हितसंबंधांचा संघर्ष नाही, हे संचालक मंडळाने पाहायचे आहे. जी संस्था तुम्हाला सल्ला देते किंवा अहवाल लिहून देते, तिच्याकडून तपासणी चालत नाही. समूहातल्या दुसऱ्या कंपनीला अशी सल्ला-सेवा देत असेल तरीही नाही.

मागच्या वर्षाचा आकडा चुकलेला आढळला, तर तो दुरुस्त करून कारणासह लिहा. गुपचूप बदलू नका. जुना अहवाल एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसतो.

अहवाल वार्षिक अहवालात समाविष्ट करून भागधारकांना पाठवायला सुरुवात होईल त्या दिवसापर्यंत बीएसई-एनएसईकडे द्यावा लागतो. तो एक्सबीआरएल या संगणकाला वाचता येणाऱ्या स्वरूपातही भरायचा असतो. एक्सबीआरएलमध्ये शून्य आणि रिकामा रकाना यांचा अर्थ वेगळा आहे. मृत्यू झाला नसेल तर ० लिहा. रकाना लागूच नसेल तर तसे नमूद करा.

पुरवठादारांसाठी

पहिल्या २५० कंपन्यांना मूल्यसाखळीची माहितीही विचारली आहे: ज्यांच्याशी खरेदी किंवा विक्री मूल्याने २ टक्के किंवा अधिक आहे असे भागीदार, आणि एकूण ७५ टक्क्यांपर्यंत मर्यादा घालण्याची मुभा. २०२५-२६ पासून हे ऐच्छिक आहे. ऐच्छिक असले तरी प्रश्नावल्या भोसरी, वाळूज, बुटीबोरीतल्या छोट्या युनिटपर्यंत येतात, आणि तिथे कंपनी सेक्रेटरीही नसतो, सेफ्टी ऑफिसरही नसतो.

अशा युनिटने मोठे सॉफ्टवेअर घेऊ नये. महिन्याचे तास, दुखापतीची तारीख, पाळी, मशीन, बुडालेले दिवस, ईएसआयसी अहवालाचा क्रमांक आणि केलेली दुरुस्ती, एवढे सात रकाने एका वहीत पुरतात. ग्राहकाच्या प्रश्नावलीत ‘शून्य’ लिहिताना वहीची ती पाने स्कॅन करून जोडा. दुखापत झालेली असेल तर ती लिहा आणि शेजारी मशीनला बसवलेल्या गार्डचा फोटो द्या. ग्राहकाच्या ऑडिटरला शून्यापेक्षा ते जास्त पटते, कारण पॉवर प्रेस चालवणाऱ्या युनिटमध्ये वर्षभर निअर मिससुद्धा नाही, यावर त्याचा विश्वास बसत नाही.