इसामाल (युकातान, मेक्सिको)

मेरिदा शहराच्या पूर्वेला साधारण ७० किमीवरचं छोटं गाव. भिंती सगळ्या पिवळ्या, म्हणून 'पिवळं शहर' म्हणतात, आणि फोटो त्याचेच जास्त फिरतात, पण खरी गंमत अशी की हे गाव माया लोकांच्या पिरॅमिडांच्या अधेमधे आणि काही ठिकाणी थेट त्यांच्यावरच वसलंय.

नावावरून वाद आहे. लिसाना नावाच्या फ्रान्सिस्कन (ख्रिस्ती पंथातल्या) साधूने १६३३ च्या ग्रंथात दिलेली कथा अशी, की इथल्या देवाला तू कोण असं विचारलं की तो म्हणायचा, मी आकाशाचं दव, मी ढगांचं दव. माया भाषेत दवाला 'इत्स', त्यावरून गावाचं नाव, पण नुसतं दव नाही, झाडाचा चीक, डिंक, डोळ्यातलं पाणी, जे जे पाझरतं ते सगळं इत्स, आणि इत्सामना या मोठ्या देवाच्या नावातही तेच. काहीजण नाव इत्सा नावाच्या माया लोकांशी जोडतात. आता त्यांच्या नावातही इत्स असल्याचं मानतात, त्यामुळे भांडण मिटत नाही, तरी देवाकडून आलेली व्युत्पत्ती जास्त पटते.

वस्ती बहुधा इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांतली, मोठी बांधकामं त्यानंतरची, साधारण सहाव्या-सातव्या शतकापर्यंतची धरतात. दगड प्रचंड मोठे, कोपरे गोलसर. आके गावाकडे जाणारा पांढरा उंचावलेला रस्ता (साकबे) साधारण ३० किमीचा.

स्पॅनिश आल्यावर पापहोलचाक नावाच्या पिरॅमिडाचा वरचा भाग पाडून त्याच चौथऱ्यावर सेंट अँथनीचा मठ बांधला, दगडही तिथलेच, काम १५६१ च्या सुमारास पुरं झालं. दिएगो दे लांदा हा फ्रान्सिस्कन साधू लिहितो की इथे अशा ११-१२ इमारती होत्या आणि १५४९ मध्ये त्यातली एक इथल्या मूळ रहिवाशांच्याच आग्रहावरून मठाला मिळाली. आग्रह कितपत खरा हे वाचणाऱ्याने ठरवावं, कारण याच लांदाने १५६२ मध्ये युकातानमधल्या मानी गावी माया पोथ्या जाळल्या, आणि गंमत म्हणजे माया लोकांबद्दलची बरीचशी माहिती आपल्याला त्याच्याच लिखाणातून मिळते, तेही १८६० च्या दशकात सापडलेल्या संक्षिप्त नकलेतून. मठाचं अंगण कमानींनी वेढलेलं, एवढं मोठं की लोक व्हॅटिकनशी तुलना करतात. पोप जॉन पॉल दुसरे १९९३ मध्ये इथे आले, पिवळा रंग तेव्हाचाच असं बहुतेक सांगतात.

किनिच काकमो हा सगळ्यात मोठा पिरॅमिड, मठाच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर, उंची साधारण ३४ मीटर, तळ जवळपास २०० मीटर लांब. आधी रुंद चौथरा चढायचा, मग त्यावरचा पिरॅमिड दिसतो, खालून अंदाजच येत नाही. नावाचा अर्थ सूर्यमुखी अग्नीचा मकाव पोपट; तो भर दुपारी उतरून नैवेद्य जाळायचा अशी कथा आहे, दुपारी चढणाऱ्याला ती लगेच पटेल, सकाळी जावं.

बाकीचे पिरॅमिड घरांच्या मागे झाडीत. त्यातल्या काबुल नावाच्या पिरॅमिडावरचा चुन्याच्या गिलाव्याचा भला मोठा चेहरा कॅथरवुड या इंग्रज चित्रकाराने १८४० च्या दशकात चित्रात उतरवला होता, आता तिथे तो नाही.