हुंकार आणि होकार

आमची आजी गोष्ट सांगायला बसली की तिची एकच अट असायची. ऐकणाऱ्यानं 'हुं' म्हणत राहायचं. 'हुं' थांबलं की गोष्टही थांबायची. "झोपलीस काय गं?" ती अंधारात विचारायची. मी घाईनं 'हुं' म्हटलं की राक्षस पुन्हा चालायला लागायचा. राक्षसाचा जीव पोपटात असतो हे मला तेव्हाही पटलेलं नव्हतं. पण 'हुं' म्हणायला पटायची गरज नव्हती. मी जागी आहे, तुझ्याबरोबर आहे, पुढं सांग, एवढाच त्याचा अर्थ होता.

हा हुंकार. आणि 'तू म्हणतेस ते मला मान्य आहे' हा होकार. दोन शब्द कानाला सख्ख्या भावांसारखे वाटतात, पण त्यांची कामं अगदी वेगळी आहेत. घरातली कितीतरी भांडणं या दोघांची अदलाबदल झाल्यामुळं चिघळतात, असं माझं मत आहे.

गोंधळ आपल्या भाषेतच मुरलेला आहे. "पोरगं ऐकत नाही" म्हणतो तेव्हा आपण त्याच्या कानांबद्दल बोलत नसतो. ते सांगितल्यासारखं वागत नाही ही तक्रार असते. "साहेबांनी ऐकवलं" म्हणजे अपमान झाला. "सासरी फार ऐकून घ्यावं लागलं" म्हणजे मान खाली घालावी लागली. कानावर घेणं, हुकूम पाळणं आणि बोलणी खाणं ही तिन्ही कामं आपण 'ऐकणं' या एकाच क्रियापदावर टाकली आहेत. आजाऱ्याच्या सेवेला आपण शुश्रूषा म्हणतो. त्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. ऐकण्यातून सेवा आणि सेवेतून आज्ञापालन, असा तो घरंगळत गेला. त्यात भर म्हणून मौन म्हणजे संमती, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

मग कुणी न पटणारं बोलत असताना गप्प राहायची भीती वाटणारच. त्याचं एक वाक्य पुरं होऊ दिलं, तर आपण ते मान्य केलं असं धरलं जाईल. म्हणून आपण मधेच तोडतो. मला वाटतं, माणसं उद्धटपणानं जितकं तोडत नाहीत तितकं या भीतीनं तोडतात.

माझं माहेर करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि 43 फुटांवर धोका पातळी. हे दोन आकडे आमच्या गावातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर कित्येक दिवस तुटून पडलं. त्या वेळी मी राजारामपुरीत सासरी अडकले होते. गावात काय झालं ते मला फोनवर कळलं, तेही तुटक तुटक.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा चढायला लागलं. दादाचा फोन आला. "आबा हलायला तयार न्हाईत. तू ये." मी म्हटलं, "मी येतो लगेच." (आम्ही कोल्हापूरच्या पोरी येतो-जातोच म्हणतो.)

पोचले तेव्हा रस्त्याच्या कडेला पाणी आलं होतं. आबा सोप्यात बसलेले. दादा समोर उभा, हातात गाडीची किल्ली.

"आबा, माझं ऐका की. उंबऱ्याला पाणी लागायच्या आधी निघूया."

"न्हाई."

"मागच्या वेळेला बघितलंय न्हवं काय झालं ते?"

"बघितलंय."

"मग ऐकत का न्हाईसा?"

"तुमचंच ऐकत आलोय दोन वर्सं."

हेच पुन्हा पुन्हा. प्रत्येक फेरीला दादाचा आवाज चढत होता आणि आबांचा उतरत होता. दादाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, हे आधी सांगते. पण त्याला आबांकडून फक्त होकार हवा होता, आणि आबा दादाच्या तोंडाकडं बघतच नव्हते. ते गोठ्याकडं बघत होते.

मी ओल्या पायांनी पायरीवर बसले आणि विचारलं, "आबा, त्या रात्री म्हशींचं काय झालं हो? मला कुणी नीट सांगितलंच न्हाई."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही, आणि ते मला जड गेलं. पाण्याचा आवाज येत होता. मग त्यांनी सुरुवात केली. बोटीत माणसंच घेणार म्हणाले. म्हणून त्यांनी विळ्यानं दावी कापली, चारी म्हशींची. मी म्हटलं, "हुं." तीन म्हशी पोहत माळाकडं गेल्या. "हुं." चौथी पंधरा दिवसांपूर्वी व्यालेली. तिचं रेडकू आत राहिलं होतं.

"ती माघारी फिरली," आबा म्हणाले. "मी बोटीतनं बघत हुतो."

त्यावर मला 'हुं'सुद्धा म्हणता आलं नाही. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दादाची किल्ली वाजायची थांबली. म्हैस वाहून गेली एवढंच त्याला माहीत होतं. ती माघारी फिरली, हे आबांनी दोन वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "म्हणजे आबा, तुम्हाला घराचं काय न्हाई. दावं पुन्यांदा आपल्या हातानं कापायचं न्हाई."

"व्हय." आणि लगेच, संशयानं, "म्हंजे आता तू बी ऱ्हा म्हणतीस व्हय?"

हा प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही. मी ऐकलं, तर मी त्यांच्या बाजूची झाले असं त्यांनाही वाटलं. हुंकाराचा होकार झाला तो असा, माझ्या डोळ्यांसमोर. त्या क्षणी गोड वाटावं म्हणून मी हो म्हटलं असतं, तर ती फसवणूक झाली असती. मी म्हटलं, "न्हाई आबा. निघायचंच हाय. आधी म्हशी न्यायच्या, मग आपण."

चुलत्यांचा छोटा हत्ती आला. फळ्या टाकून म्हशी चढवल्या. एक गाभण होती, ती काही केल्या फळीवर पाय ठेवेना. आबांनी तिच्या कपाळाला कपाळ लावलं तेव्हा चढली. दोन खेपा झाल्या. आबा शेवटच्या खेपेला बसले. ते खूश नव्हते, आणि माळावर पोचेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

दादानं आणि मी सांगितलं ते एकच: घर सोडा. मी त्यात तसूभर सूट दिली नाही. फरक एवढाच की नकार देण्याआधी माझ्याकडं आबांची पुरी गोष्ट होती, आणि ती माझ्याकडं आहे हे आबांना माहीत होतं. होकार द्यायचा की नाही हे ऐकणारा ठरवतो. हुंकार पोचला की नाही हे मात्र बोलणारा ठरवतो. "मला कळलं तुझं" असं मी शंभर वेळा म्हणेन; आबांनी "व्हय" म्हटल्याशिवाय ते कळणं खरं नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1951 मध्ये नेमका हाच नियम मांडला होता. वाद चालू असताना प्रत्येकानं आपला मुद्दा मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं आणि त्यामागची भावना आपल्या शब्दांत सांगायची, आणि तीही समोरच्याचं समाधान होईपर्यंत. मगच आपली पाळी. नियम वाचायला सोपा आहे, पाळायला फार अवघड. स्वतः रॉजर्सनीही तो अवघड असल्याचं म्हटलं होतं, आणि त्याचं एक कारण त्यांनी धैर्याशी जोडलं होतं: दुसऱ्याच्या जगात खरोखर शिरलं तर आपणच बदलून जाऊ, ही भीती असते.

दुसरं कारण आपल्या बोलण्याच्या वेगातच आहे. जगातल्या 10 भाषांमधल्या गप्पांचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर त्यात सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. एखादं चित्र बघून त्याचं साधं नाव तोंडातून काढायलाच माणसाला 600 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. हिशेब उघड आहे: समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार होत असतं. मिरजकर तिकटीला चहा पिताना याचं काही बिघडत नाही, उलट गप्पा त्यामुळंच रंगतात. अवघड बोलण्यात मात्र खरी गोष्ट बहुतेक वेळा शेवटी येते, चाचरत येते, आणि तेव्हा आपण आपलं वाक्य जुळवण्यात गुंतलेले असतो. हुंकाराला आपली अशी गती आहे. उत्तर येऊ लागलं तरी ते तसंच ठेवून द्यायचं, आणि समोरचा थांबला तरी एक श्वास जाऊ द्यायचा.

नुसता आवाज काढला म्हणजे हुंकार झाला, असंही नाही. मोबाइलवर बोट फिरवत आपण जे 'हं, हं' करतो त्याला आजीनं लगेच ओळखलं असतं. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बाव्हेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. त्यांचा लेख 2000 साली आला. एकानं आपल्यावर बेतलेला प्रसंग सांगायचा आणि दुसऱ्यानं ऐकायचं. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप दुसरं काम दिलं होतं: बोलण्यात एका ठरावीक अक्षरानं सुरू होणारे शब्द आले की नोंदवायचे. या मंडळींचे कान अगदी टवकारलेले होते, तरी गोष्टीला साजेसा प्रतिसाद त्यांच्याकडून येईना. जिथं दचकायचं तिथं दचकणं नाही, जिथं हळहळायचं तिथं हळहळणं नाही. आणि परिणाम सांगणाऱ्यावर झाला. त्यांच्या गोष्टी ढासळल्या, विशेषतः शेवटाला. मला हे वाचून आजीच आठवली. गोष्ट एकटा सांगणारा सांगत नाही. ऐकणारा निम्मी उचलून धरतो. म्हणून भांडणात समोरचा 'धड बोलत नाही' अशी तक्रार करताना आपला हुंकार कसा होता तेही बघावं.

आता उलटी बाजू: होकार आहे आणि हुंकार नाही. ही चूक चांगुलपणाच्या वेषात येते, त्यामुळं लवकर दिसत नाही.

वहिनी एकदा दादाला म्हणाली, "दुधाचं बिल कधी येतंय, किती येतंय, मला पत्ताच नसतो." आमच्याकडं दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी होतं. पहाटे उठून धारा काढणारी, वैरण घालणारी, किटली संस्थेत नेणारी तीच. दादा भला माणूस. त्यानं तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत खिशातून हजार रुपये काढले. "घे की. मागायचं होतंस." त्याच्या दृष्टीनं मागणी मान्य झाली, विषय संपला. वहिनीनं पैसे फडताळात ठेवले आणि आठवडाभर ते तिथंच पडून होते. तिनं पैसे मागितलेच नव्हते. आपल्या कष्टाचा हिशेब आपल्यालाही दिसावा, हे तिला म्हणायचं होतं, आणि ते वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. "बरं बाबा, तुझंच खरं" हे त्याच जातीतलं. ऐकायला शरणागती, प्रत्यक्षात दार लावून घेणं. असा होकार मला नकारापेक्षा वाईट वाटतो. नकारावर पुन्हा बोलता येतं. "बरं बाबा"वर काय बोलणार?

बोलता बोलता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या तर मला दोनच सवयींचा खरा उपयोग झालाय. पहिली, सुरुवातीलाच उघड सांगायचं: "मला पटेलच असं नाही, पण तुझं सगळं ऐकायचंय." यानं दोघांची भीती कमी होते. समोरच्याला खोटी आशा लागत नाही आणि आपल्याला मधे तोडायची घाई होत नाही. दुसरी, "समजलं, पण..." हे वाक्य सोडून द्यायचं. तो 'पण' आधीचं सगळं समजणं खाऊन टाकतो. हुंकार पुरा होऊ द्यायचा, समोरच्याचं "व्हय" येऊ द्यायचं, आणि नकार असेल तर तो वेगळ्या वाक्यात, न लाजता, सरळ द्यायचा. आबांनी तर पुढं याचं स्वतःचं रूप काढलंय. दादा काही सांगायला आला की ते म्हणतात, "बोल. ऐकून घेतो. ऐकीनच असं न्हाई."

जिथं शिवीगाळ आहे, हात उगारला जातोय, धमकी आहे, तिथं यातलं काहीही लागू नाही. तिथून उठून जावं. बायकांना 'जरा ऐकून घे' म्हणून जो सल्ला पिढ्यान् पिढ्या दिला गेला, तो हुंकाराचा नव्हता, मार खाण्याचा होता. दोन्हींना एकच शब्द असल्यानं तो सल्ला शहाणपणाचा वाटत राहिला, याचा मला अजून राग येतो.

जुलै 2024 मध्ये पंचगंगा पुन्हा 43 फुटांच्या वर गेली. मी दादाला फोन लावला आणि म्हशी कधी हलवताय म्हणून विचारायला लागले. "थांब जरा," तो म्हणाला, "आबांचं पुरं होऊ दे." त्यानं फोन बंद केला नाही, तसाच हातात धरला असावा. मला पाऊस ऐकू येत होता आणि आबांचा आवाज: नवी म्हस टेम्पोला बुजते, तिला गाडीत घालू नका, मी तिला रस्त्यानं चालवत नेतो, आजच नेतो. त्यांचं वय बघता दादाला हे मुळीच पटलेलं नव्हतं, ते मला त्याच्या श्वासावरनं कळत होतं. आबा मधे थांबले.

"हुं," दादा म्हणाला. "पुढं?"