न गिळताही मारणाऱ्या पेशी

प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव यांनी 1882 साली सिसिलीतल्या मेसिनामध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. परक्या जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशींचा सिद्धांत इथून उभा राहिला आणि 1908 मध्ये त्यांना पाउल अर्लिक यांच्यासह नोबेल मिळालं. त्याबरोबर एक समजही रुजला, की या पेशी मारतात त्या गिळूनच.

जिवाणूंपुरतं ते ठीक होतं. कर्करोगाची पेशी मात्र बहुतेकदा मोनोसाइट या रक्तातल्या भक्षक पेशीएवढी किंवा तिच्याहून मोठी असते. 1964 मध्ये ग्रेंजर आणि वायझर यांनी दाखवलं, की परक्या पेशींशी आधीच गाठ पडलेल्या मॅक्रोफेज (ऊतींतल्या भक्षक पेशी) नुसत्या चिकटूनही लक्ष्यपेशी नष्ट करतात. चार वर्षांनी व्हॅन फर्थ आणि कोन यांनी मॅक्रोफेजचं मूळ अस्थिमज्जेतून रक्तात येणाऱ्या मोनोसाइटपर्यंत नेऊन भिडवलं. (ऊतींतल्या बऱ्याच मॅक्रोफेज भ्रूणावस्थेतच तयार होतात, हे नंतर कळलं.)

मारण्याचं मोजमाप हा स्वतंत्रच घोळ. लक्ष्यपेशींमध्ये किरणोत्सारी क्रोमियम-51 भरायचं. पेशी फुटली की ते भोवतीच्या द्रवात उतरतं, तिथला किरणोत्सार मोजायचा. नॅचरल किलर या रक्तातल्या दुसऱ्या मारेकरी पेशींसाठी चार तास पुरतात. मोनोसाइटचं काम संथ, एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात धडधाकट पेशींतूनही क्रोमियम पाझरतं. शिवाय सावज अख्खं गिळलं गेलं, तर क्रोमियम भक्षकाच्याच पोटात राहतं. माझ्या मते मोनोसाइट बराच काळ दुय्यम मारेकरी ठरल्या त्याला ही चाचणीही जबाबदार आहे.

हत्यारं एकेक करून सापडत गेली. 1975 मध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाला बीसीजी लस आणि एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचं विष दिलेल्या उंदरांच्या रक्तद्रवात गाठी कुजवणारा घटक मिळाला, तो टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर). 1980 च्या दशकात नायट्रिक ऑक्साइड या विषारी वायूची भर पडली. पण उंदराच्या पेशी ते भरपूर बनवतात, मानवी मोनोसाइट प्रयोगशाळेत फारसं बनवत नाहीत. म्हणून उंदरावरचा निष्कर्ष माणसाला सरसकट लावता येत नाही. इंटरफेरॉन या संदेशवाहक प्रथिनाने चेतवलेल्या मानवी मोनोसाइट 'ट्रेल' नावाच्या प्रथिनाने कर्कपेशीला आत्मनाश करायला लावतात, हे 1999 मध्ये दिसलं.

अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक लक्ष्याला चिकटणाऱ्या प्रथिनांची, औषधं आल्यावर गिळणं पुन्हा चर्चेत आलं. त्यातल्या रितुक्सिमॅब या कर्करोगावरच्या औषधाला 1997 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. अशी अँटिबॉडी एका टोकाने कर्कपेशीला धरते, दुसरं टोक मोनोसाइटवरच्या एफसी ग्राहीत, म्हणजे ते टोक पकडणाऱ्या प्रथिनात, बसतं. मग सावज कधी गिळलं जातं, कधी त्याच्या आवरणाचे लचके तोडले जातात. कर्कपेशीही सीडी47 हे प्रथिन पुढे करून भक्षकाला थोपवते. ते झाकणारी औषधं करून पाहिली, तेव्हा रक्ताल्पतेचा त्रास समोर आला, कारण तांबड्या पेशीही त्याच प्रथिनाच्या आडोशाने जगतात.